मेलेल्या रोग्यांचीही नोंद ठेवणारे वैद्य

प्राचीन ग्रीक वैद्यक, हिपोक्रेटिस आणि त्याची शपथ यांविषयी वाचकांनी बरेच प्रश्न विचारले आहेत. कुणाला इतिहासाचे कुतूहल आहे, कुणाला त्याची आयुर्वेदाशी तुलना हवी आहे, तर कुणाला यातले आज काय उपयोगी पडते ते जाणून घ्यायचे आहे. एकमेकांत गुंतलेले प्रश्न एकत्र करून त्यांची क्रमाने उत्तरे देत आहे.

प्रश्न : हिपोक्रेटिसला 'वैद्यकशास्त्राचा जनक' म्हणतात. पण त्याच्या कितीतरी आधी इजिप्त आणि बॅबिलोनमध्ये वैद्य होते. मग हा मान त्याला का?

उत्तर : वैद्य होतेच, आणि त्यांतले काही फार चांगले निरीक्षक होते. इजिप्तमधला 'एडविन स्मिथ पपायरस' साधारण इ.स.पू. १६०० चा आहे. त्यात ४८ रुग्णांची प्रकरणे आहेत, बहुतेक जखमांची आणि मोडलेल्या हाडांची. प्रत्येक ठिकाणी आधी तपासणी, मग निदान आणि शेवटी निकाल : हा रोगी बरा करता येईल, याच्यासाठी झटून पाहावे लागेल, किंवा हा आपल्या हातातला नाही. बॅबिलोनच्या विद्वानांनी ४० मातीच्या पाट्यांवर लक्षणांची भली मोठी जंत्री रचली होती. तेव्हा रोग्याकडे बारकाईने पाहणे हा ग्रीकांचा शोध नव्हे.

खुद्द हिपोक्रेटिसबद्दल खात्रीने सांगता येते ते थोडेच. तो इ.स.पू. ४६० च्या सुमारास कॉस या बेटावर जन्मला. आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगत एजियन समुद्रात हे बेट आहे. प्लेटोने आपल्या संवादांत त्याचा उल्लेख केला आहे. त्यावरून दिसते, की हयातीतच त्याचे नाव झाले होते आणि तो फी घेऊन वैद्यक शिकवत असे. त्याच्या नावावर सुमारे ६० ग्रंथ आहेत, पण ते एका हातचे नाहीत. त्यांत मतभेद आहेत, शैली वेगवेगळ्या आहेत, काही तर एकमेकांचे थेट खंडन करतात. बहुतेक लेखन इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले आणि चौथ्या शतकातले आहे. यातला अमुक ग्रंथ नक्की हिपोक्रेटिसचा, असे ठामपणे म्हणता येत नाही.

म्हणून 'जनक' हा शब्द मी बाजूला ठेवतो. एका माणसापेक्षा वैद्यांच्या दोन-तीन पिढ्या डोळ्यांसमोर आणाव्यात. त्यांनी दोन गोष्टी केल्या. रोगामागे देवाचा हात मानणे का टिकत नाही, याचा युक्तिवाद त्यांनी उघडपणे मांडला. आणि आपल्या रोग्यांचे पुढे काय झाले ते लिहून ठेवले, रोगी दगावला असला तरीही. पुढच्या सगळ्या उत्तरांत या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतील, कारण बुद्धिनिष्ठ वैद्यकाचा पाया त्यांच्यावरच उभा आहे.

प्रश्न : देवाचा हात नाकारणारा तो युक्तिवाद नेमका कोणता?

उत्तर : तो 'पवित्र रोगाविषयी' या छोट्या ग्रंथात आहे. पवित्र रोग म्हणजे अपस्मार, आपल्याकडचे फेफरे किंवा फिट. माणूस एकाएकी कोसळतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो आणि थोड्या वेळाने उठून बसतो. हा देवाचा स्पर्श आहे असे लोकांना वाटे यात नवल नाही. मांत्रिक आणि शुद्धी करणारे भगत तर कोणत्या देवाचा कोप झाला हेही सांगत. रोगी बकरीसारखा आवाज काढत असेल तर देवमाता, घोड्यासारखा किंचाळत असेल तर पोसायडन, फेस गाळून लाथा झाडत असेल तर युद्धदेव एरीस. उपाय म्हणून मंत्र, शुद्धीचे विधी आणि लांबलचक पथ्ये : आंघोळ नको, अमुक मासे नकोत, बकरीचे मांस नको, काळे कपडे नकोत, बकरीच्या कातड्यावर झोपणे नको.

ग्रंथाचा अनाम लेखक एकेक मुद्दा घेऊन तो तपासतो. बकरीचे मांस खाल्ल्याने हा रोग वाढतो आणि सोडल्याने बरा होतो, असे तुम्हीच म्हणता ना? मग कारण मांस ठरले, देव कुठे राहिला? आणि बकरी हेच कारण असेल, तर लिबियाच्या आतल्या भागातले लोक बकरीच्या कातड्यावर झोपतात, तिचेच मांस खातात, ते सगळे फेफऱ्याने आजारी असायला हवेत. शिवाय रोग देवाने पाठवला असता तर तो सर्वांना सारखाच झाला असता. पण तो घराण्यांत उतरतो आणि विशिष्ट प्रकृतीच्या माणसांनाच होतो.

मग तो आपले स्पष्टीकरण देतो. रोग मेंदूत आहे. मेंदूतला कफ खाली उतरून शिरांमधली वाट अडवतो, हवा पुढे जात नाही आणि झटका येतो. पुरावा म्हणून तो सांगतो : हा रोग झालेल्या बकरीचे डोके फोडून पाहा, मेंदू ओला, पाण्याने भरलेला आणि दुर्गंधी येणारा सापडेल. कफाचा हा सिद्धान्त चुकीचा आहे. पण आनंद, दुःख, विचार, वेड या सगळ्यांचे स्थान मेंदू आहे, हे तो ठासून सांगतो, आणि फेफऱ्याचे मूळ मेंदूत आहे ही त्याची गोष्ट आजही खरी आहे. त्याहून मोलाचे म्हणजे त्याने वाचकाला तपासून पाहण्याची जागा दाखवली. मांत्रिकाचे म्हणणे खोटे ठरवण्याची सोयच नव्हती. या लेखकाचे म्हणणे डोके फोडून पाहिले की खरे-खोटे करता येत होते.

या ग्रंथात माणुसकीही आहे. झटक्याची चाहूल लागली की मोठी माणसे लोकांपासून दूर पळतात आणि डोके झाकून घेतात, ती देवाच्या भीतीने नव्हे, तर लाजेने, हे लेखकाने टिपले आहे. लहान मुले आधी असतील तिथेच पडतात. मात्र झटक्यांची सवय झाली की ती आईकडे किंवा ओळखीच्या माणसाकडे धावतात, कारण लाज त्यांना अजून कळत नाही. अशी नोंद करायला रोग्याजवळ बराच काळ बसावे लागते.

प्रश्न : म्हणजे हे वैद्य नास्तिक होते का? देवळांशी त्यांचे वैर होते का?

उत्तर : दोन्ही नाही. 'पवित्र रोगाविषयी'चा लेखक देव नाकारत नाही. त्याच्या मते सगळेच रोग सारखेच दैवी आहेत आणि सारखेच नैसर्गिक, त्यांतला एकच वेगळा काढू नये. उलट देव माणसाला दूषित करतो असे म्हणणे हाच अधर्म, असे तो मांत्रिकांना सुनावतो. हिपोक्रेटिसच्या नावाच्या शपथेची सुरुवातही अपोलो, वैद्यकाचा देव ॲस्क्लेपियस आणि त्याच्या कन्या हायजिया व पॅनेसिया यांना साक्षी ठेवून होते. वैद्यांची घराणी स्वतःला ॲस्क्लेपियसचे वंशज म्हणवत. अथेन्समधले सार्वजनिक वैद्य वर्षातून दोनदा त्या देवाला बळी अर्पण करत, असे एक शिलालेख सांगतो.

ॲस्क्लेपियसची मंदिरे याच काळात भरभराटीला आली. एपिडॉरस हे त्यांतले सर्वांत मोठे ठिकाण. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर इ.स.पू. ४२० च्या सुमारास या देवाची स्थापना झाली, म्हणजे हिपोक्रेटिस ऐन चाळिशीत असताना. कॉसवरचे प्रसिद्ध मंदिर तर त्याच्या नंतर उभे राहिले. त्यामुळे मंदिरातल्या पाट्या उतरवून हिपोक्रेटिस वैद्यक शिकला, ही जुनी कथा टिकत नाही. रोगी या मंदिरांत स्नान करत, नैवेद्य दाखवत आणि रात्री एका खास दालनात झोपत. स्वप्नात देव येऊन उपचार करी किंवा उपाय सांगे. ज्यांच्यापुढे वैद्यांनी हात टेकले होते, असे जुनाट दुखण्याचे लोक तिथे मोठ्या संख्येने जात. ती एक खरी गरज होती, तिला हसण्याचे कारण नाही.

फरक दिसतो तो नोंदींत. एपिडॉरसला दगडी शिलांवर कोरलेल्या सुमारे ७० कथा मिळाल्या आहेत. त्यांत अथेन्सची अम्ब्रोसिया नावाची बाई आहे. तिची एका डोळ्याची दृष्टी गेली होती. लंगडे चालू लागले, आंधळे पाहू लागले या कथा वाचून ती हसली. रात्री देवाने स्वप्नात येऊन तिचा डोळा चिरला, आत औषध ओतले, आणि आपल्या अज्ञानाची खूण म्हणून मंदिराला चांदीचे डुक्कर वाहण्यास सांगितले. सकाळी ती बरी होऊन बाहेर पडली. जवळजवळ प्रत्येक कथेचा शेवट असा बरे होण्यात आहे. जे निराश होऊन परतले, त्यांच्यासाठी शिला कुणी कोरली नाही. आता याच्या शेजारी वैद्यांची वही ठेवून पाहू.

प्रश्न : त्या वैद्यांच्या नोंदी कशा असत? ते रोग्याला नेमके कसे तपासत?

उत्तर : 'साथी' या नावाच्या सात ग्रंथांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या ग्रंथात ४२ रुग्णांच्या दैनंदिन नोंदी आहेत. थॅसॉस बेट, ॲब्डेरा, लॅरिसा, सिझिकस अशा गावोगावच्या या नोंदी आहेत. त्यांत स्त्रिया आहेत, मुले आहेत, गुलामही आहेत. या ४२ पैकी २५ जण मरण पावले. लेखक ते लपवत नाही, स्वतःचा बचावही करत नाही.

पहिली नोंद थॅसॉसमध्ये तटाजवळ राहणाऱ्या फिलिस्कसची. पहिल्या दिवशी तीव्र ताप आणि घाम. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरलेला वाटतो. संध्याकाळी तो पुन्हा चढतो, जीभ कोरडी पडते, लघवी काळी होते, रोगी असंबद्ध बोलू लागतो. पाचव्या दिवशी नाकातून थोडे रक्त येते. हातपाय गार पडतात, ते पुन्हा ऊब धरत नाहीत, वाचा जाते. सहाव्या दिवशी दुपारी मृत्यू. शेवटी वैद्य प्लीहा वाढल्याचे लिहितो आणि श्वासाचे वर्णन करतो : विरळ आणि खोल, जणू एखादी गोष्ट आठवून आठवून घेतल्यासारखा. मृत्यू जवळ आला की येणाऱ्या या श्वासलयीला १९ व्या शतकातल्या दोन डॉक्टरांवरून आज 'चेन-स्टोक्स श्वसन' म्हणतात. काळ्या लघवीवरून काही अभ्यासकांना हा हिवतापाचा उग्र प्रकार वाटतो. जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीचा मजकूर वाचून आज निदानाची चर्चा करता येते, ती नोंद प्रामाणिक असल्यामुळेच.

तपासणीत डोळे, कान, नाक, हात, जीभ सगळे वापरत. 'पूर्वकथन' या ग्रंथात मरणासन्न चेहऱ्याचे वर्णन आहे : नाक टोकदार झालेले, डोळे खोल गेलेले, कानशिले बसलेली, कान गार. या चेहऱ्याला डॉक्टर आजही हिपोक्रेटिसचेच नाव देतात. पण पुढची सूचना जास्त महत्त्वाची आहे. असा चेहरा दिसला तरी घाईने निष्कर्ष काढू नका. रोगी रात्रभर जागा होता का, त्याला जुलाब झाले का, तो उपाशी आहे का, हे आधी विचारा. तसे असेल तर धोका कमी. छातीत पू झाल्याचा संशय आला, तर खांदे धरून रोग्याला हलवत आणि आतून द्रव खळखळल्याचा आवाज ऐकत. फुप्फुसाच्या आवरणाला सूज असेल तर चामड्यासारखा करकर आवाज येतो, हेही त्यांनी टिपले होते. स्टेथोस्कोप यायला अजून दोन हजारांवर वर्षे होती.

नव्या गावी गेलेल्या वैद्याने काय पाहावे, हे 'हवा, पाणी आणि स्थळे' या ग्रंथात सांगितले आहे. वारे कुठून येतात, पाणी साचलेले आहे की वाहते, जमीन ओलसर आहे की उघडी, लोक काय खातात, किती पितात, कष्ट करतात की बसून असतात. दारात येणारा रोगी गावाच्या हवापाण्यासकट येतो, ही जाण त्यामागे आहे.

प्रश्न : आणि उपचार?

उत्तर : तिथे त्यांचे हात तोकडे होते आणि त्यांना ते ठाऊक होते. तीव्र आजारात मुख्य भर आहारावर : जवाची पेज, मध घातलेले पाणी, मध आणि सिरका यांचे मिश्रण. पेज गाळून द्यावी की दाट, कोणत्या दिवशी सुरू करावी, यावर अख्खा ग्रंथ आहे. रोग्याला मदत करा, निदान अपाय तरी करू नका, हा 'साथी'मधला उपदेश त्या मर्यादेच्या जाणिवेतून आलेला आहे.

त्यांचे सर्वांत भक्कम काम हाडांचे. निखळलेला खांदा बसवण्याची, काखेत टाच रोवून हात ओढण्याची त्यांची रीत अस्थिरोगाच्या पुस्तकांत अजून त्यांच्या नावाने सापडते. 'सांध्यांविषयी' या ग्रंथातली एक नोंद मला फार मोठी वाटते. पाठीला कुबड आलेल्या रोग्यासाठी लेखकाने एक युक्ती केली. रोग्याला निजवून कुबडाखाली चामड्याची पिशवी ठेवली आणि नळीने तिच्यात हवा भरली. युक्ती फसली. ती का फसली हे त्याने तपशिलाने लिहिले, आणि आपण हे मुद्दाम लिहीत आहोत असेही सांगितले, कारण काय करून पाहिले आणि ते का जमले नाही हे कळणेही पुढच्याला उपयोगाचे आहे. एपिडॉरसच्या शिलांवर असे वाक्य कोरले जाणे शक्यच नव्हते. बुद्धिनिष्ठ वैद्यकाचा जन्म कुठे झाला असे कुणी विचारले, तर मी या नोंदीकडे बोट दाखवीन.

प्रश्न : हे सगळे ग्रीसमध्येच आणि त्याच काळात का घडले?

उत्तर : एक कारण विचारांचे. इ.स.पू. सहाव्या शतकात मिलेटस शहरात थेलिस, ॲनॅक्सिमँडर, ॲनॅक्सिमेनिस यांनी वीज, भूकंप, पाऊस यांची कारणे निसर्गातच शोधायला सुरुवात केली होती. मग रोगच का अपवाद असावा? दक्षिण इटलीतल्या क्रोटोनचा अल्कमिऑन म्हणाला, की शरीरातले ओले-कोरडे, गरम-थंड, कडू-गोड यांना समान हक्क असले की आरोग्य, आणि एकाचीच राजसत्ता झाली की रोग. नागरिक सत्तेत वाटा मागत असलेल्या शहरांतच आरोग्याची अशी व्याख्या सुचू शकते.

दुसरे कारण धंद्याचे. वैद्याला परवाना नव्हता, पदवी नव्हती. तो गावोगाव फिरे, अनोळखी लोकांचा विश्वास त्याला रोज नव्याने मिळवावा लागे. मांत्रिक, मुळ्या विकणारे, मालीश करणारे, सुइणी, मंदिरे अशा सगळ्यांशी त्याची स्पर्धा होती. काही शहरे सार्वजनिक वैद्य नेमत, आणि नेमणुकीसाठी उमेदवाराला सभेपुढे बोलावे लागे. रोगाची पुढची वाटचाल आधीच अचूक सांगितली की लोकांचा भरवसा बसतो आणि रोगी दगावल्यास ठपका येत नाही, असे 'पूर्वकथन'चा लेखक मोकळेपणाने सांगतो.

तिसरे कारण या दोहोंना जोडते. ब्रिटिश अभ्यासक जी. ई. आर. लॉइड यांनी दाखवून दिले आहे, की सभा आणि न्यायालये यांत रोज वाद ऐकणाऱ्या ग्रीक नागरिकांना पुरावा मागायची सवय लागली होती. तीच मागणी वैद्यकात आली. त्याची वाईट बाजूही होती. 'मानवाची प्रकृती' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच तक्रार आहे, की या वादसभांत आज एक जिंकतो, उद्या दुसरा. ज्याची जीभ तिखट त्याचा जय. तरीही उघड वादात एक मोठी सोय असते : कुणाचेही म्हणणे प्रश्नाविना राहत नाही.

प्रश्न : कफ, रक्त, पिवळे पित्त, काळे पित्त हा चार द्रवांचा सिद्धान्त तर चुकीचा ठरला. चुकीच्या वैद्यकाला बुद्धिनिष्ठ कसे म्हणायचे?

उत्तर : हा आलेल्या प्रश्नांतला सर्वांत चांगला प्रश्न आहे. चार द्रवांचा सिद्धान्त 'मानवाची प्रकृती' या ग्रंथात आहे. ॲरिस्टॉटलच्या साक्षीवरून तो हिपोक्रेटिसचा जावई पॉलिबस याचा मानतात. तो चुकीचा आहेच. स्त्रीरोगांच्या ग्रंथांत गर्भाशय शरीरात भटकते अशीही समजूत आहे. इ.स.पू. ४३० मध्ये अथेन्सला महामारी आली, तेव्हा वैद्यांचे काही चालले नाही. इतिहासकार थ्युसिडिडीस स्वतः त्या रोगातून वाचला. रोग्यांच्या जवळ जावे लागत असल्यामुळे वैद्यच सर्वाधिक मेले, आणि एकदा वाचलेल्याला तो रोग पुन्हा जीवघेणा होत नसे, हे त्याने लिहून ठेवले. संसर्गाची इतकी ठळक खूण या इतिहासकाराला दिसली, पण वैद्यांच्या ग्रंथांनी तिचा पाठपुरावा केला नाही. ते दूषित हवेलाच दोष देत राहिले.

पण या ग्रंथांतच याची दुरुस्तीही आहे. 'प्राचीन वैद्यकाविषयी'चा लेखक आपल्याच समकालीनांवर तुटून पडतो : गरम-थंड-ओले-कोरडे अशी गृहीते आधी मांडून रोग त्यांत कोंबू नका. त्याच्या मते वैद्यक जन्मले स्वयंपाकघरात. निरोग्याचे जेवण आजाऱ्याला पचत नाही, हे माणसे चुकतमाकत शिकली, आणि तोच खरा मार्ग. वैद्यकात पूर्ण अचूकता क्वचितच साधते, म्हणून ज्याच्या चुका लहान असतात त्या वैद्याची आपण प्रशंसा करतो, असेही तो म्हणतो. बुद्धिनिष्ठ असणे म्हणजे नेहमी बरोबर असणे नव्हे. आपले म्हणणे अशा रीतीने मांडणे, की दुसऱ्याला ते तपासून चूक दाखवता यावी, याला मी बुद्धिनिष्ठा म्हणतो.

ही वाट पुढे अलेक्झांड्रियात गेली. इ.स.पू. तिसऱ्या शतकात हेरोफिलस आणि एरासिस्ट्रेटस यांनी मानवी शवविच्छेदन केले, आणि हेरोफिलसने नाडी पाणघड्याळाने मोजली. नंतर इसवी सन १२९ मध्ये पर्गॅमॉनला जन्मलेल्या गेलनने सगळे ज्ञान एका भव्य चौकटीत बसवले. चौकट इतकी देखणी होती, की लोक तिच्यापलीकडे पाहीनासे झाले. १५४३ मध्ये शरीररचनेचा अभ्यासक व्हेसेलियस याने शवविच्छेदन करून तिच्यातल्या चुका दाखवल्या. द्रवांचा तोल साधण्यासाठी रक्त काढण्याचा उपचार तर त्यानंतरही चालला. १८३५ मध्ये पॅरिसच्या पिएर लुई या डॉक्टराने न्यूमोनियाच्या रोग्यांची मोजदाद करून त्याचा लाभ फार थोडा असल्याचे छापले. ग्रीकांनी नोंदी ठेवल्या, पण उपचार केलेल्यांची आणि न केलेल्यांची तुलना करून आकडा काढला नाही. ही त्यांच्या पद्धतीतली मोठी उणीव होती आणि तिची किंमत असंख्य रोग्यांनी मोजली.

प्रश्न : आपल्या आयुर्वेदातही दोष आहेत, प्रकृती आहे. कुणी कुणाकडून घेतले?

उत्तर : औषधी वस्तू या दिशेहून त्या दिशेला गेल्या हे नक्की. हिपोक्रेटिसच्या नावावरच्या स्त्रीरोगांच्या ग्रंथात मिरीचा उल्लेख भारतीय औषध म्हणून येतो, आणि ती इराणी मार्गाने आल्याचे नावावरून दिसते. नायडसचा टेसिअस हा ग्रीक वैद्य इ.स.पू. ४०० च्या सुमारास इराणच्या दरबारी होता आणि त्याने भारतावर पुस्तकही लिहिले. मात्र सिद्धान्त उचलल्याचा पुरावा नाही. आयुर्वेदाचे दोष तीन, त्यांत वात आहे. ग्रीक द्रव चार, त्यांत रक्त आहे आणि वारा नाही.

कोणी आधी, या भांडणापेक्षा साम्य जास्त विचार करायला लावते. चरकसंहितेत उपचारांचे तीन प्रकार आहेत, आणि देवावर विसंबणारे 'दैवव्यपाश्रय' हे युक्तीवर विसंबणाऱ्या 'युक्तिव्यपाश्रय'पासून वेगळे काढले आहेत. विमानस्थानात साथींची कारणे सांगताना वायू, पाणी, देश आणि काल यांचा विचार आहे. तिथेच वैद्यांनी आपसांत वाद कसा करावा याचे विस्तृत नियमही आहेत. दोन संस्कृती रोग्याच्या खाटेशेजारी बसून सारख्याच प्रश्नांशी झगडत होत्या.

ग्रीक वैद्यक भारतात आले ते अरबी-फारसीतून. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक याने गेलनचे ग्रंथ भाषांतरित केले, पुढे इब्न सिना (९८०–१०३७) याने 'कानून' रचला. तेच युनानी वैद्यक. दम, बलगम, सफरा, सौदा हे हकिमांचे चार 'अखलात' म्हणजे पॉलिबसचेच चार द्रव. मुंबई आणि मालेगावला त्याची महाविद्यालये आजही आहेत.

प्रश्न : यातून आजच्या रुग्णाने काय घ्यावे?

उत्तर : तीन गोष्टी. पहिली : ज्याच्याकडे उपचार घ्याल त्याला विचारा, की हा उपचार किती जणांना लागू पडला नाही. खरा वैद्य या प्रश्नाने रागावत नाही. फक्त बरे झालेल्यांच्या कथा आणि फोटो दाखवणाऱ्यापासून, मग तो भगत असो की जाहिरातबाज डॉक्टर, सावध राहा. रुग्णालयांत दगावलेल्या रुग्णांवर डॉक्टर एकत्र बसून चर्चा करतात, ती 'साथी'च्या वहीचीच पुढची पाने आहेत.

दुसरी : आजारपणाची वही घरात ठेवा. ताप कधी आला, किती होता, काय खाल्ले, कोणती गोळी घेतली. डॉक्टरला याहून उपयोगी काही तुम्ही देऊ शकत नाही.

तिसरी फेफऱ्याविषयी. कांदा किंवा चप्पल हुंगवणे, अंगारा लावणे, बाहेरची बाधा म्हणून झाडफूक करणे आपल्याकडे अजून थांबलेले नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः डॉक्टर होते, आणि रोगाला करणी समजून रुग्ण उपचारांविना राहू नये, यासाठीही त्यांची चळवळ होती. फिट आली तर रोग्याला कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा. तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, हातपाय दाबून धरू नका, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नका. घड्याळ बघा. झटका पाच मिनिटांहून जास्त चालला, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरा आला, तर लगेच रुग्णालयात न्या. आणि नंतर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य निदान आणि उपचार मिळाले, तर अपस्मार असलेल्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. गोळ्या नियमित घ्याव्या लागतात, मनाने बंद करायच्या नसतात. आणि हा आजार लपवून ठेवण्यासारखा, लाज वाटून घेण्यासारखा नाही, हे रोग्याला आणि त्याच्या घरच्यांना सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे.